बंगालच्या उपसागरातलं वादळ विदर्भाकडे वळतंय: नागपुरात घराची तयारी नेमकी काय करायची?

नंदनवन_तळमजला विचारतात:

चक्रीवादळ परवा रात्री आंध्रच्या किनाऱ्याला लागणार आणि त्याचा उरलेला भाग तेलंगण-छत्तीसगडवरून विदर्भावर येणार, असं हवामान खात्याच्या नकाशात दिसतंय. आमच्या ग्रुपवर दोन तट पडलेत. एक म्हणतो, समुद्र कुठं अन् नागपूर कुठं, कायले घाबरता. दुसरा फ्लोरिडातल्या हरिकेनचे व्हिडिओ टाकतोय: खिडक्यांवर प्लायवूड ठोका, काचांवर चिकटपट्टीची फुली मारा, बाथटब भरून ठेवा. (बाथटब कुणाकडे आहे, हा प्रश्न अजून कुणी विचारला नाही.)

घराची माहिती देतो, म्हणजे उत्तरं नेमकी मिळतील. नंदनवनला नागनदीपासून अंदाजे दोनशे मीटरवर तळमजला अधिक एक मजला. गच्ची साधारण हजार चौरस फूट, तिच्यावर १० बाय २० फुटांची टिनाची शेड, बाजूनं उघडी. जमिनीखाली तीन हजार लिटरची सिमेंटची टाकी. १५० एएचची एक बॅटरी आणि इन्व्हर्टर, दोन्ही तळमजल्यावर जिन्याखाली. खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर दोन कूलर अजून तसेच आहेत. फाटक दहा फूट रुंद, रस्त्यापेक्षा जेमतेम चार इंच उंच. घरात म्हातारी माणसं आहेत.

हातात दोन दिवस आहेत. आधी काय, मग काय, आणि काय अजिबात करू नये?

---

ढगांचा_हिशेब:

पहिलं काम, प्लायवूड आणि चिकटपट्टी डोक्यातून काढा. हरिकेन, टायफून, चक्रीवादळ ही एकाच गोष्टीची नावं, समुद्र बदलला की नाव बदलतं. पण फ्लोरिडात हरिकेन म्हणायलाच ताशी ११९ किलोमीटर वारा लागतो. तेवढ्या वाऱ्यात उडून आलेली फळी काच फोडते, वारा घरात घुसतो आणि छप्पर आतून उचलतो. प्लाय ठोकतात ते त्या फळीसाठी. चिकटपट्टीनं तर तिथंही काच वाचत नाही, फुटल्यावर तुकडे मोठे पडतात एवढंच.

आपल्याकडे येतो तो या वादळाचा उतरलेला भाग. वादळाचं इंधन म्हणजे साडेसव्वीस अंशांच्या वरचं समुद्राचं पाणी. जमिनीवर आलं की ते इंधन तुटतं आणि डोंगर-झाडांच्या घर्षणानं वारा पडतो. किनाऱ्यापासून नागपूर हवाई अंतरानं पावणेसहाशे किलोमीटरच्या आसपास आहे. प्रणाली ताशी १५ ते २० किलोमीटरनं सरकली तरी दीड दिवस लागतो. तेवढ्यात ती बहुतेक वेळा डिप्रेशन किंवा त्याहून खाली आलेली असते. खात्याच्या मोजपट्टीत डिप्रेशन म्हणजे ३१ ते ५० किमी वारा, डीप डिप्रेशन ५१ ते ६१, आणि ६२ पासून पुढं चक्रीवादळ. आपलं मे महिन्यातलं वावधन यापेक्षा जोरात असतं. घरबांधणीच्या भारतीय मानकात (आयएस ८७५, भाग ३) नागपूरसाठी मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला ४४ मीटर धरलाय. म्हणजे ताशी जवळजवळ १५८ किलोमीटरचा झोत.

मग "कायले घाबरता" म्हणणारे बरोबर का? नाही. वारा पडतो, ओलावा पडत नाही. २०२१ चं 'गुलाब' आठवा. २६ सप्टेंबरला कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्याला लागलं, जमिनीवर आल्यावर वादळ म्हणून संपलं, पण त्याचे ढग तेलंगण, विदर्भ, मराठवाडा झोडपत पार गुजरातपर्यंत गेले आणि अरबी समुद्रात पोचल्यावर त्याच अवशेषातून 'शाहीन' तयार झालं. उमरखेडजवळ पुलावरून एसटी वाहून गेली ती २८ तारखेला, म्हणजे किनाऱ्यावरचं वादळ संपून दीड दिवस झाल्यावर.

तेव्हा तयारी पाण्याची करा, वाऱ्याची दुय्यम.

इशारे कसे वाचायचे तेही सांगतो, कारण इथंच लोक फसतात. २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिमी म्हणजे मुसळधार, ११५.६ ते २०४.४ अतिमुसळधार, त्यावर अतितीव्र. पिवळा, नारिंगी, लाल हे रंग पूर्ण जिल्ह्यासाठी आणि पूर्ण दिवसासाठी असतात. शहर बुडतं ते दिवसाच्या बेरजेनं नाही, तासाच्या माऱ्यानं. शंभर मिमी दिवसभरात रिमझिम पडला तर नागनदी तो सहज नेते. २३ सप्टेंबर २०२३ ला मध्यरात्रीनंतर चारेक तासांतच शंभराहून जास्त पडला, आणि पहाटे डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, सीताबर्डी, मोरभवन पाण्यात होतं. त्यामागं चक्रीवादळ नव्हतंच.

म्हणून वादळाच्या मार्गाची रेघ पाहत बसू नका. ती रेघ केंद्राची असते, पाऊस शेकडो किलोमीटर पसरलेला असतो. पावसाळ्यातल्या डिप्रेशनचा मोठा पाऊस तर बहुधा केंद्राच्या नैर्ऋत्येला पडतो, म्हणजे केंद्र बालाघाट-शिवनीकडून गेलं तरी मार आपल्याला. शेवटच्या बारा तासांत दोनच गोष्टी उघडा: नागपूर रडारचं चित्र, आणि प्रादेशिक हवामान केंद्राचा तीन तासांचा तातडीचा अंदाज. विजांसाठी 'दामिनी' ॲप.

---

नाला_रपटा:

वरच्यांनी पाया घातलाच आहे, मी पाण्याचं सांगतो. तुमच्या घरात पाणी तीन वाटांनी येईल: वरून, समोरून आणि खालून. लोक समोरच्या वाटेची तयारी करतात आणि बुडतात खालच्या वाटेनं.

वरून. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर १०० मिमी पाऊस म्हणजे नऊ हजार तीनशे लिटर. उतरायच्या पाइपच्या तोंडाशी सुकलेली पानं, पतंगाचा मांजा, गुटख्याच्या पुड्या अडकल्या की गच्चीचं तळं होतं. फूटभर पाणी साचलं तर अठ्ठावीस टन वजन स्लॅबवर. आजच जाळ्या उचला, हात घालून कचरा काढा आणि प्रत्येक पाइपमध्ये दोन बादल्या पाणी एकदम ओतून बघा. खाली लगेच धो धो आलं पाहिजे. रेंगाळत आलं तर वळणावर गाळ आहे, खालचं झाकण उघडून काढा. जाळी काढून ठेवू नका, नाहीतर तो कचरा पाइपच्या पोटात जाऊन बसेल.

याच ओघात स्लायडिंग खिडक्या. खालच्या पट्टीला बाहेरच्या बाजूनं पाणी जायला बारीक भोकं असतात. धुळीनं ती हमखास बुजलेली असतात, मग पट्टी भरते आणि पाणी आत भिंतीवरून उतरतं. लोक खिडकीला दोष देतात. सायकलच्या आऱ्यानं भोकं मोकळी करा, दोन मिनिटांचं काम.

समोरून. दहा फुटी फाटकासाठी फूटभर उंचीचा रेतीच्या पोत्यांचा बांध पुरतो. सिमेंटची रिकामी पोती घ्या, अर्धीच भरा. गच्च भरलेलं पोतं दगडासारखं गोल राहतं आणि दोन पोत्यांमधून पाणी वाहतं, अर्धं भरलेलं पसरून बसतं. खाली तीन ओळी, त्यावर दोन, त्यावर एक. एका ओळीत सात पोती धरली तर बेचाळीस. रेती टनभर, म्हणजे पाव ब्रासपेक्षा थोडी कमीच. तोंड बांधू नका, दुमडून पोत्याखाली घ्या. विटांसारखे सांधे चुकवा, प्रत्येक थर पायानं दाबा. पाण्याच्या बाजूनं ताडपत्री अंथरून तिची खालची कड पहिल्या थराखाली दाबा. रस्त्याच्या कडेची माती भरू नका, काळी माती भिजली की पोत्यातून चिखल होऊन निघून जाते.

बांध घालून पाणी शंभर टक्के अडत नाही, झिरपतंच. आत एक खड्डा किंवा चेंबर ठरवून ठेवा जिथून ते बादलीनं किंवा छोट्या पंपानं बाहेर टाकता येईल.

खालून. ही खरी गोम. नागनदीची पातळी वाढली की गडर (सांडपाण्याच्या) लाइनचं पाणी नदीकडे जाईनासं होतं आणि उलटं फिरतं. तळमजल्यावरचा संडास, बाथरूमची जाळी, मोरी इथून काळं पाणी वर येतं. बाहेर रस्ता कोरडा असतानाही. कायमचा उपाय म्हणजे घराची लाइन बाहेरच्या चेंबरला मिळते तिथं एकतर्फी झडपेचा वॉल्व्ह बसवणं. ११० किंवा १६० मिमी पाइपचा, प्लंबिंगच्या दुकानात मिळतो, आडवाच आणि साफ करता येईल अशा जागी बसवायचा. दोन दिवसांत प्लंबर मिळाला तर उत्तम, नाही मिळाला तर जुगाड: जाड प्लास्टिकच्या दोन पिशव्या एकात एक, पाच-सहा किलो रेती, तोंड पक्कं बांधून कमोडच्या तोंडात आणि जमिनीवरच्या प्रत्येक जाळीवर दाबून ठेवायची. त्यानंतर तो संडास कुणी वापरायचा नाही. आणि वरच्या मजल्यावरूनही वापर कमीत कमी, कारण वॉल्व्ह बंद झाला की तुमचंच सांडपाणी आत अडकतं.

जमिनीखालची टाकी पूर्ण भरून ठेवा. आजूबाजूची जमीन भिजल्यावर रिकामी टाकी वर उचलली जाऊ शकते किंवा तिला चीर पडते. भरलेली टाकी जागा सोडत नाही, आणि आत जागाच नसल्यानं बाहेरचं पाणीही कमी शिरतं. झाकणाखाली सायकलच्या ट्यूबची पट्टी लावा, वर प्लास्टिक आणि त्यावर वजन. पिण्याचं पाणी मात्र वेगळं, वरच्या मजल्यावर: माणशी दिवसाला तीन-चार लिटर, तीन दिवसांचं.

गॅस सिलिंडर साखळीनं बांधा. भरलेला घरगुती सिलिंडरसुद्धा पाण्यावर तरंगतो: गॅस आणि लोखंड मिळून तीसेक किलो, पण बाजूला सारतो त्याहून जास्त पाणी. तरंगला की नळी ओढली जाते. रेग्युलेटर काढून टोपी लावा.

एक इशारा शहरासाठी: अंबाझरीच्या सांडव्यावरून पाणी सुटलं की पाऊस थांबल्यावरही नदी वाढत राहते. नंदनवन खालच्या अंगाला आहे. "पाऊस उघडला" म्हणून पोती उचलू नका. (सांडव्यासमोरच्या बांधकामाचा वाद कोर्टात गेला होता, तो या धाग्यात नको, नाहीतर मूळ प्रश्न बुडेल.)

---

फेज_न्यूट्रल:

पुरात विजेनं मरणारे "मेन तर बंद केला होता" म्हणणाऱ्या घरांतलेही असतात. कारण जिन्याखाली बसलेला इन्व्हर्टर. मेन पाडला की इन्व्हर्टरला वाटतं लाइट गेली, आणि तो लगेच घराच्या वायरिंगमध्ये २३० व्होल्ट सोडतो. पाण्यात बुडालेलं सॉकेट महावितरणच्या करंटनं मारतं की तुमच्या बॅटरीच्या, यानं फरक पडत नाही.

तेव्हा क्रम असा. आजच इन्व्हर्टर आणि बॅटरी वरच्या मजल्यावर न्या. १५० एएचची ट्यूब्युलर बॅटरी ॲसिडसकट पन्नास-साठ किलोंची असते. दोन माणसं, उभीच उचलायची, कलंडू द्यायची नाही. आधी इन्व्हर्टर बंद, मेनचा प्लग काढा, मग बॅटरीची वजा तार, मग अधिक तार. जोडताना उलट क्रम. वायरिंग वर नसेल तर नुसतं टेबलावर ठेवून त्याला एक एक्स्टेंशन बोर्ड लावा, दिवे-पंखा-राउटर त्यावर. खालच्या मजल्याच्या वायरिंगशी त्याचा संबंध तोडलेला बरा.

किती चालेल? १२ व्होल्ट गुणिले १५० म्हणजे १८०० वॅट-तास कागदावर. बॅटरी पूर्ण उपसायची नसते आणि इन्व्हर्टरही थोडं खातो, हातात येतात साडेअकराशे. जुने दोन पंखे १५० वॅट, चार एलईडी ३६, राउटर १०: सहा तासांच्या आत बसते. बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे असतील तर तेच दहा-अकरा तास जाईल. रात्रभर लाइट गेली तर मोबाइल आणि एक दिवा एवढंच ठेवा, पंखा बंद. पावसात तसाही गारवा असतो.

आरसीसीबी (करंट गळला की आपोआप पडणारा स्विच) आहे का बघा. डीपीमध्ये (मेन स्विचच्या पेटीत) 'टेस्ट' लिहिलेलं बटण असतं, ३० मिलीअँपिअरचा हवा. दाबल्यावर खटकन पडला तर ठीक. नाही पडला तर तो नुसता शोभेचा आहे, बदला. एमसीबी (लोड वाढला की पडणारा नेहमीचा स्विच) वायर जळण्यापासून वाचवतो, माणसाला वाचवत नाही. या दोन्हींतला गोंधळ इलेक्ट्रिशियन लोकही करतात.

मेन कधी पाडायचा? पाणी अंगणात आलं की. खोलीत यायची वाट पाहू नका. खालचं सॉकेट जमिनीपासून जेमतेम फूटभर असतं. आणि पाणी आत आलेलं असेल, मीटरपेटीपाशी जायला पाण्यात उभं राहावं लागत असेल, तर जाऊच नका. १९१२ वर फोन करून लाइन खांबावरून बंद करायला सांगा, घरातल्यांना जिन्यावर बसवा.

गच्चीवर सोलर असेल त्यांच्यासाठी: लाइट गेली की ऑन-ग्रिड इन्व्हर्टर बंद होतो, पण पॅनलपासून इन्व्हर्टरपर्यंतची डीसी वायर उजेड असेपर्यंत जिवंत असते. वादळाआधी डीसी आयसोलेटर (पॅनलची लाइन तोडणारा स्विच) बंद करा. वाकलेल्या-पडलेल्या पॅनलला हात लावू नका, लाइट नसली तरी.

पूर ओसरल्यावर भिजलेली उपकरणं "चालतात का बघू" म्हणून लावायची नाहीत. फ्रिज-वॉशिंग मशीन आठवडाभर वाळवून, मेगरनं (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) तपासून मगच. बुडालेले एमसीबी आणि आरसीसीबी सरळ फेका, आत चिखल बसला की वेळेवर पडत नाहीत.

---

नंदनवन_तळमजला:

धन्यवाद सगळ्यांना. बॅटरी आज संध्याकाळी वर जाईल. कूलर आणि शेडचं कुणी सांगेल का? शेडवर सध्या विटा आणि एक जुनं टायर ठेवलंय.

---

वेल्डर_हिंगणा:

भाऊ, त्या विटा आधी खाली आणा. वाऱ्यानं टिन उचललं की वीट शेजाऱ्याच्या अंगणात. विटांनी टिन दबत नाही, हे आकड्यात बघा. ताशी ८० किमीचा झोत दर चौरस मीटरला तीसेक किलो उचल देतो. तुमची शेड साडेअठरा चौरस मीटर, म्हणजे साडेपाचशे किलो. अर्धा मिमी जाडीच्या पत्र्याचं स्वतःचं वजन पंचाहत्तर किलो. उरलेलं सगळं बोल्टनं धरायचंय. बाजूनं उघडी शेड असल्यानं वारा खालूनही ढकलतो, त्यामुळे खरी उचल यापेक्षा जास्तच. डिप्रेशनचा सरासरी वारा ४०-५० असला तरी ढगाखाली झोत त्यावर जातो, म्हणून ८० धरलं.

टिन मधून सुटत नाही, कडेनं आणि कोपऱ्यातून सुटतं, मग एका पत्र्याखाली वारा शिरला की बाकीचे पानासारखे उलटतात. चारही कडांना दर दुसऱ्या उंचवट्यावर जे-हुक हवा, मधे चौथ्या-पाचव्यावर चालतो. भोक नेहमी उंचवट्यावर, खोबणीत पाडलं तर तिथून गळतं. रबराचा वायसर कडक होऊन तडकला असेल तर बदला. नट हातानं हलला की समजा तो काही धरत नाही.

दोन दिवसांत पूर्ण काम होणार नसेल तर: शेडच्या लांबीच्या दोन अँगल किंवा जाड बल्ल्या पत्र्यावर आडव्या ठेवा, दोन्ही कडांपासून फूट-दीड फूट आत, आणि दर तीन फुटांवर आठ नंबरच्या तारेनं खालच्या पर्लिनला (पत्रा ज्यावर टेकतो त्या आडव्या पट्टीला) आवळा. पाय तपासा, गच्चीवर शेडचे खांब कित्येकदा नुसते चार इंची प्लेटवर टेकवलेले असतात, बोल्टच नाहीत. मग टिन घट्ट करून फायदा नाही, शेड खांबांसकट जाईल. तसं असेल तर पत्रे उतरवून रचून, बांधून ठेवा. ओल्या पत्र्यावर चढू नका, आज कोरडं आहे तोवरच काय ते.

कूलर. नागपुरात सगळ्यात दुर्लक्षित धोका हाच. सीझन संपल्यावर ऑक्टोबरपर्यंत तसाच लटकतो, स्टँडचे वेल्ड पाण्यानं गंजलेले, टाकीत अर्धी बादली सडकं पाणी आणि डासांच्या अळ्या. प्लग काढा, पाणी सोडा, ताट्या किंवा हनीकोंब काढून आत ठेवा. तीन बाजू उघड्या झाल्या की वारा आरपार जातो, कूलर शिडासारखा फुगत नाही. मग स्टँडच्या सांध्याला हातोडी मारून आवाज ऐका. ठणठणीत आला तर तारेनं खिडकीच्या गजाला बांधून चालेल. भद्द आवाज आला किंवा गंजाचे पापुद्रे पडले तर कूलर आत घ्या, मागे-पुढे बघू नका. खालून माणसं जातात. कूलरची वायर खिडकीतून बाहेर लोंबत ठेवू नका, पावसात बॉडीला करंट तिथूनच येतो.

---

काटोलरोड:

शहराबाहेर शेत असणाऱ्यांसाठी थोडक्यात, कारण ऑक्टोबरमधल्या पावसाचा खरा फटका तिथंच बसतो. सोंगलेली सोयाबीन उघड्यावर असेल तर आज गंजी लावा, उंचवट्यावर, खाली तुराट्या-पऱ्हाट्यांचा थर, वर ताडपत्री, आणि दोऱ्या खुंट्यांना. चारही बाजूंनी चर. उभी आहे ती घाईत सोंगू नका, उभ्या झाडावर शेंग दोन दिवस भिजली तरी वाळते, ढिगात भिजली तर बुरशी आणि कोंब. फुटलेला कापूस वेचून घ्या. संत्र्याच्या बागेत पाणी साचू देऊ नका, उताराच्या दिशेनं चर मोकळे करा. बुंध्याशी पाणी थांबलं की डिंक्या येतो. पाऊस उघडल्यावर बुंध्याला बोर्डो मलम: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी.

आणि कन्हान-वैनगंगेकाठच्यांनी धरणाचे दरवाजे उघडण्याच्या सूचनांकडे लक्ष ठेवा. या दिवसांत धरणं भरलेली असतात, वरचा पाऊस थांबवायला जागा उरलेली नसते.

---

नाला_रपटा:

गाडीचं राहिलं होतं. चारचाकी रात्रीच उंच रस्त्यावर लावा, नदीकाठी किंवा बेसमेंटमध्ये नको. पाणी शिरलेली गाडी चालू करून बघायची नाही. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर पिस्टन ते दाबू शकत नाही, रॉड वाकतो आणि इंजिन जातं. भिजून बंद पडलेल्या इंजिनापेक्षा नंतर सेल मारलेल्या इंजिनाचं बिल कितीतरी मोठं येतं. बॅटरीची वजा तार काढा आणि टो करून न्या.

नरेंद्रनगरचा अंडरब्रिज, लोहापूल, मनीषनगर: जोराचा पाऊस सुरू झाला की या तिन्हींचा विचारच सोडा, फेरा पडला तरी चालेल. अंडरब्रिजच्या तळाशी किती पाणी आहे ते वरून कळत नाही. आणि फूट-दीड फूट वाहत्या पाण्यात छोटी गाडी चाकांवरून सुटते.

ज्येष्ठ मंडळींना अंधार पडायच्या आधी वरच्या मजल्यावर झोपवा. रोजच्या गोळ्यांचा आठवड्याचा साठा, चष्मा, काठी, आधार-रेशन कार्डाच्या प्रती प्लास्टिकच्या पिशवीत, सगळं तिथंच. फोन भरलेले. आपत्तीचे क्रमांक कागदावर लिहून भिंतीला: ११२, अग्निशमन १०१, जिल्हा नियंत्रण कक्ष १०७७.

---

टाकी_साफ:

पाणी टाकीत शिरलंच तर पुढचं. घाईत लगेच उपसू नका, आधी आजूबाजूची जमीन थोडी ओसरू द्या, वर सांगितलेलं टाकी उचलण्याचं कारण इथंही लागू आहे. उपसल्यावर झाकण उघडं ठेवून किमान तासभर हवा खेळू द्या आणि एकट्यानं आत उतरू नका. सांडपाणी मिसळलेल्या बंद टाकीत विषारी वायू असू शकतो. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर, वर दुसरा माणूस.

गाळ काढून, भिंती ब्रशनं घासून टाकी पुन्हा भरा. ताज्या ब्लीचिंग पावडरमध्ये ३३ टक्के क्लोरीन असतं, हजार लिटरला १५० ग्रॅम, म्हणजे तुमच्या तीन हजारला ४५० ग्रॅम. पावडर थेट टाकायची नाही. प्लास्टिकच्या बादलीत कालवा, अर्धा तास निवळू द्या, वरचं पाणी टाकीत आणि खालचा चुना फेकून द्या. चोवीस तास ठेवा. या काळात हेच पाणी पाइपमध्ये खेळवून प्रत्येक नळ वास येईपर्यंत उघडा, नाहीतर टाकी साफ आणि पाइप घाण. मग सगळं सोडून द्या, एकदा धुवा, भरा.

त्यानंतर आठ-दहा दिवस पिण्याच्या पाण्यासाठी रोजची मात्रा: हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे पूर्ण टाकीला साडेसात. टाकल्यावर तासभर थांबा. पाणी गढूळ असेल तर क्लोरीन मातीच खाऊन टाकते, तेव्हा आधी गाळून-निवळून घ्या. प्यायचं ते तरीही उकळूनच. पावडरचं पाकीट उघडं पडलं असेल तर महिन्याभरात तिची ताकद उतरते, जुनी पावडर डबल टाकण्यापेक्षा नवीन आणा. आणि संडास साफ करायचं ॲसिड ब्लीचिंगच्या बादलीच्या आसपासही नको, दोन्ही एकत्र आलं की क्लोरीनचा वायू सुटतो.

---

नंदनवन_तळमजला:

पोती बेचाळीस सांगितली, दुकानात चाळीसच मिळाली. रेती आली आहे. वॉल्व्हवाला उद्या सकाळी आठला येतोय. एक शंका: फाटकाच्या एका बाजूला पावसाळी नालीचं तोंड आहे, पोती त्याच्या आत घ्यायची की बाहेर?

---

नाला_रपटा:

नाली पोत्यांच्या बाहेर, रस्त्याच्या बाजूला राहू द्या. आत घेतली तर नदी चढल्यावर तीच नाली उलटी वाहून तुमच्या बांधाच्या आत पाणी भरेल. जागेमुळे आत घ्यावीच लागली तर तिच्याही तोंडात रेतीची पिशवी. दोन पोती कमी आहेत तर मधल्या थराची मागची ओळ दोन्ही टोकांना एकेक पोत्यानं कमी करा. पाण्याकडची ओळ आणि सगळ्यात वरचा थर अर्धवट सोडू नका.